गळ

ट्रॉम्सोचा दवाखाना. दुपारी दोनलाच काळोख.
तोर्गेर इल्वाला मांडीवर घेऊन बसलाय,
हातांना कॉडचा वास, तीनदा धुऊनही.

"दुखेल?"
नर्स म्हणणार होती, मुंगी चावल्यासारखं, बस्स.
हा म्हणाला, "दुखेल. गळ बोटात रुततो तसं.
मग निघतो."

तो सहा वर्षांचा होता तेव्हा
आईला बाहेर काढलं होतं. दाराच्या काचेत
तिची निळी टोपी तेवढी हलत होती.

सुई आत गेली.
इल्वा ओरडली, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी,
आणि त्याच्या अंगठ्याला कडकडून चावली.

अंगठा त्यानं काढला नाही.
नळीत रक्त चढत राहिलं.
नर्स म्हणाली, झालं.
दोघांपैकी कुणालाच ते लगेच ऐकू आलं नाही.