चष्म्यांची पेटी

पहिली भेट झाली ती चिलटांची.
सरोवरावर धुराचा खांब उभा,
मी म्हटलं, पलीकडे वणवा पेटलाय.
ड्रायव्हर म्हणाला, काच वर घ्या. तोंडही मिटा.
आणि तो खांब चालत आमच्या अंगावर आला.

डायरीत मात्र आधीच लिहिलेलं होतं,
"मलावी. पहिला दिवस. लोक गरीब, पण आनंदी."
हे वाक्य मी विमानातच लिहिलं,
पेन चालतंय का बघताना,
मंडळीच्या मासिकासाठी.

देवळाची घंटा म्हणजे ट्रकच्या चाकाची रिम,
आंब्याला तारेने टांगलेली.
वाजवणाऱ्या मुलाचं नाव सुझ्गो.
सुझ्गो म्हणजे त्रास, त्यानेच सांगितलं,
आणि आमच्या अकरा जणांच्या बॅगा
एकेक करून डोक्यावरून आत नेल्या.

मग आम्हाला गायला सांगितलं.
पेटी नाही, तबला नाही,
ऊजागरे पाळकांनी सूर धरला तो फारच वर.
दुसऱ्या कडव्यात आम्ही बुडू लागलो.
तेव्हा मागच्या बाकांवरून बायकांनी,
एक शब्द न कळता,
खालून आवाज लावला, मग पुरुषांनी त्याच्याही खालून,
आणि गाळातली गाडी उचलावी तसं
आमचं गाणं उचलून काठाला ठेवलं.
वर टाळ्याही आम्हालाच.

माझं काम चष्म्यांचं.
दोनशे सतरा जुने चष्मे, मोज्यांत गुंडाळलेले,
नंबर चिकटवलेले, यादी केलेली.
एक यादीत नव्हता.
काळ्या जाड काडीचा, डाव्या बिजागरीला दोरा.
वडील गेल्यावर तीन वर्षं तो कपाटात
माझ्याकडे बघत होता.
आणताना मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

रांगेत न्याकामांगा आली.
वय विचारलं तर म्हणाली, पूर आला त्याच्या आधीचं.
कुठला पूर, ते कुणी विचारलं नाही.
एक चष्मा लागेना, दुसरा लागेना, दहावा लागेना.
शेवटी तोच.
पवित्र शास्त्र तिच्या हातात दिलं, म्हटलं, वाचा.
तिने वाचलं. न अडखळता, पाठ दोन पानं,
स्वल्पविरामाला श्वास घेत.
मी फॉर्मवर बरोबरची खूण केली
आणि आतून थोडा फुगलो, खोटं कशाला बोलू.
सुझ्गो माझ्या कानात म्हणाला,
तिला वाचता येत नाही.
पुस्तक उलटं आहे.

मी खूण खोडायला पेन उचललं.
तोवर तिने पदराच्या गाठीतून,
म्हणजे तिकडे पदर नसतो, कमरेच्या कापडातून,
मूठभर घेवडा काढला,
तळहातावर पसरला, वाकली,
आणि एक खडा चिमटीत धरून
साऱ्या रांगेला दाखवत ओरडली.
सुझ्गोने भाषांतर केलं,
"हा! हाच तो! इतकी वर्षं माझ्या दातांखाली यायचा!"
रांग हसत सुटली. बाप्तिस्म्याला येतो तसा ओला आनंद
तिच्या चेहऱ्यावर होता, एका खड्यापायी.

मग तिने मान वर केली.
काडीच्या वरून नाही, काचेतूनच, माझ्याकडे पाहिलं.
त्या काचांतून मला शेवटचं कुणी बघितलं
तेव्हा आमचं भांडण चालू होतं.
ती काहीतरी बोलली, बराच वेळ.
सुझ्गो म्हणाला, "ती म्हणते, तू दमलेला दिसतोस."
एवढंच?
"नाही. बाकीचं तुझ्या आईने सांगायचं असतं."

रात्री ताटात पांढरी शिमा आणि शेजारी काळी वडी.
कशाची, ते विचारलं.
सगळ्यांनी सरोवराकडे बोट केलं.
सकाळचा तो धुराचा खांब, थापून, वाळवून, तळून.
उपकारस्तुती माझ्याकडे आली.
मी देवाचे आभार मानले, यजमानांचे मानले,
वैमानिकाचे, रस्त्याचे, रस्त्यावरच्या पुलाचे,
दोन्ही देशांच्या सरकारांचेही मानले,
आता मानायला कुणी उरेना,
म्हणून एक डोळा किलकिला केला.

समोर न्याकामांगा.
हात जोडलेले, मान खाली,
आणि काळ्या काडीआड तिचाही एक डोळा उघडा.
तिला सगळं स्पष्ट दिसत होतं.

मी आमेन म्हटलं आणि वडी उचलली.