धुराचा लांबचा रस्ता

बोन्ह्वाच्या डोंगरात, डिसेंबर अर्धा सरताना,
सुल्ले मावशींची खोली धुराने भरली.
"चूल उलटी ओकतेय," त्या म्हणाल्या, डोळे पुसत.

बाबांनी चिमूटभर राख धुराड्याशी उडवून पाहिली.
मग जमीन उघडायला घेतली.

मी दहा वर्षांची. माझं काम चिखल मळायचं,
पेंढ्याचे तुकडे घालून,
बोटं माझी आहेत की नाहीत, कळेनासं होईपर्यंत.

तेलकागद सोलला.
चुलीकडे तो भाताच्या खरवडीसारखा तांबूस,
पलीकडच्या भिंतीशी अजून कोरा.
कोण कुठे निजलं, सगळं त्यावर उमटलेलं.

एकेक दगड उचलला. काजळी. उंदराचं घरटं.
एक पितळी चमचा.
मावशींनी तो बाहीला पुसला
आणि खिशात टाकला. बस.

"आग काय, कुणीही पेटवतं," बाबा भुयारात डोकं घालून म्हणाले,
"धूर सांभाळायचा असतो. तो कायम घाईत.
त्याला दगडांखालून हिंडवायचा, दमवायचा,
अंगातली सगळी ऊब काढून घ्यायची,
मग सोडायचा घराबाहेर."

संध्याकाळी मागच्या धुराड्यातून तो निघाला,
पांढुरका, थकलेला, बर्फावर आडवा पसरत.
जमीन मात्र सावकाश तापते.
तेवढ्यात भात झाला, दोन शेजारणी येऊन डोकावून गेल्या.

"इकडे ये, आरेन्मोकला," मावशींनी मला
चुलीकडच्या उबेत ओढलं,
स्वतः गार टोकाला बसल्या,
सोयाबीनच्या विटा आणि पाण्याच्या रांजणाशेजारी.
रजईखाली माझ्या पायाला काहीतरी लागलं :
झाकण घातलेला भाताचा वाडगा, ऊन ऊन.
"हा कुणासाठी?" मी विचारलं.
बाबांनी माझा पाय दाबला.

आता मी इन्चनला, सतराव्या मजल्यावर.
भिंतीतली बाई गोड आवाजात सांगते, बावीस अंश.
फरशीखाली नळ्या, नळ्यांत पाणी,
धूर नाही, राख नाही, खोली सगळीकडे सारखी.

गेल्या महिन्यात बाबा आले.
मोजे काढून खोलीभर फिरले,
चारही कोपऱ्यांत तळवा टेकवून पाहिला.
"काम चांगलं केलंय," म्हणाले,
"पण मी बसू कुठे?"

"कुठेही बसा ना, बाबा."

ते जरा वेळ उभेच राहिले.