दुसरी फळी, टोलेडो

दर्जा काय, निशिकांत विचारतो फोनवर.
तो न्यू जर्सीत शनिवारी पहाटे उठून
युरोप बघतो, भिंतभर पडद्यावर.

दर्जा असा:
हायस्कूलचं मैदान. हिरव्या प्लॅस्टिकवर
त्या दुसऱ्या, अंडाकृती फुटबॉलच्या रेघा तशाच,
पेनल्टी बॉक्स कुठे संपतो
हे पंचालाही वाकून बघावं लागतं.
आमचा लेफ्ट बॅक, डेशॉन प्रुइट,
आठवडाभर लोकांची छपरं बसवतो
आणि शनिवारी क्रॉस मारतो
तो थेट पार्किंगमध्ये.
एकदा माझ्याच गाडीवर.
पोचा अजून आहे, काढून घेतला नाही.

नाचता येईना, म्हणतो निशिकांत.
अरे, पण अंगण खरंच वाकडं आहे.

शिव्या मीही घालतो.
सलग चौथा पास नीट गेला
तर शेजारची लोरेटा विणकाम थांबवते.
ऑक्टोबरात शून्य-चार हरलो, तेव्हा तिने
थर्मासचं झाकण पुढे केलं.
मसुराचं सूप. अळणी. सगळं प्यायलो.

पहिल्या रांगेत चेंडूचा आवाज येतो,
बुटावरचा वेगळा, छातीवरचा वेगळा.
गोलकीपर "माझा!" म्हणून ओरडतो
आणि तो त्याचा नसतो.

काल एकोणनव्वदाव्या मिनिटाला
प्रुइटने मान वर केली, बघितलं,
आणि चेंडू असा काही वळवला
की शिवी तोंडातच राहिली.
हेडर आडव्या खांबाला लागून बाहेर.
हरलोच.

त्याचं रेकॉर्डिंग नाही, निशिकांत.
एकशे बारा माणसं होती.
लोरेटाला विचार. वळला होता.