एक तास

जुलै. पुंता आरेनासमध्ये सकाळी नऊलाही रात्रच.
चौकात दोर ताणून बांधलेत,
वाऱ्यात माणसांनी धरून चालावं म्हणून.
त्यांतलाच एक धरून आल्या दोघी:
नायादेत बारिया, आणि तिचा कोपर घट्ट धरलेली
इव्होन ओयार्सून.
दोघींच्या बोटांना खेकड्यांचा वास,
कारखान्यात एकाच टेबलाशी उभ्या राहतात
अकरा वर्षं.

नायादेतनं फोन माझ्यासमोर ठेवला, पालथा,
मेलेला पक्षी ठेवावा तसा.
बोलली इव्होनच:
"सान्तियागोचा आहे कुणीतरी, खात्यावरच लिहिलंय.
हिला ओळखतही नसेल, आणि फोटो बघा कसले!"
मग पर्समधून रुमाल काढून दिला तिला.

चेहरा नायादेतचा, मानेखालचं दुसऱ्या कुणाचं.
गालावर उजेड उजवीकडून, खांद्यावर डावीकडून.
खाली तीनशे बारा हसरी तोंडं.
हसणाऱ्यांची यादी मी करत नाही,
माझं काम तेवढं मोठं नाही.
मी प्रत काढते, प्रतीचा आकडा मूळच्याशी जुळवते,
एक टिंब हललं तरी सगळाच बदलतो तो,
आणि मूळ वस्तू पाकिटात घालून
सही करते: योवांका मिमिका, वेळ, तारीख.
आई विचारायची, दिवसभर करतेस तरी काय?
पुसलेल्या पाटीवरचे ओरखडे वाचते, म्हणायचे.

चौथ्या रात्री एका स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात
तांदळाच्या दाण्याएवढं सापडलं:
२३:१४.
आणि कंपनीच्या नोंदीत तेच चित्र चढलेलं
सान्तियागोच्या २२:१६ ला.
म्हणजे काढण्याआधीच अठ्ठावन्न मिनिटं
ते जगाला दिसलं होतं.

हिवाळ्यात सगळा देश घड्याळ तासभर मागे घेतो.
आम्ही नाही.
टोकावरचे लोक आम्ही, उजेडाचे मूळचेच कंगाल,
संध्याकाळचा तो एक तास
कुणाला देत नाही.

कोंबडं नीट झाकून ठेवलं होतं.
आरवलं घड्याळ.

पुढचं कागदांचं: न्यायाधीशाची सही,
कंपनीचं उत्तर, एक पत्ता, एक दार.
दार उघडणाऱ्या बोटांना तोच वास.

फोन धुतल्यासारखा स्वच्छ.
खातं नाही, फोटो नाहीत, ॲपसुद्धा नाही.
पण कीबोर्डला कुणी सांगितलं नव्हतं विसरायला.
मी नुसतं "ना" टाइप केलं,
त्यानं पुढे ठेवलं "नायादेत",
आणि त्याच्यापुढे, न विचारता,
एक शब्द,
जो अहवालात लिहावा लागला,
इथे लिहीत नाही.

त्याच रात्री, २३:२० ला, त्याच अंगठ्यांनी:
"झोपलीस? तो काय टाकतोय ते बघू नकोस गं.
येऊ का मी?"

हे नायादेतला मीच सांगितलं. खिडकी थरथरत होती.
ती बराच वेळ हातमोज्याचं एक बोट
उलटं-सुलटं करत राहिली.
"आली होती ती," म्हणाली.
"चहा केला. माझे पाय चोळले.
तेही दिसतं का तुमच्या त्या यंत्रात?"

मी वही मिटली होती. पुन्हा उघडली.
दिसतं, म्हटलं.
२३:३१ ते २३:४४.
नऊशे चार पावलं,
वाऱ्याच्या विरुद्ध.