जांभळं पाणी

घोंगडे वस्तीच्या तोंडाशी मैनोद्दीनचं दुकान,
रुपयाला दहा मिनिटं.
क्यासेटवरचं लेबल कधीच निघालेलं,
म्हणून त्या गेमला आम्ही नुसतं ‘उड्या’ म्हणायचो.
चौथ्या लेव्हलला पाणी.
जांभळं. खालून वर चढणारं,
घाई न करता,
हप्त्याला आलेल्या माणसासारखं.

काटे चुकवता येत.
करवतींचा ठेका मागासारखा, खटाक खट, खटाक खट,
तो आम्हाला पाळण्यापासून पाठ.
पाण्याला ठेका नव्हता.
नुसता बूट भिजला तरी
गडी उलटा, डोळ्यांच्या फुल्या,
टुईं करून खाली.
“मेला बे,” मागून इरेश म्हणायचा
आणि त्याचा रुपया मुठीत गरम करत राहायचा.

साधं पाणी, मग एवढं मरण त्यात आलं कुठून?
विष असेल, असं लक्ष्मीपती.
करंट सोडलाय, असं इरेश.
मैनोद्दीन म्हणाला, त्याला पोहता येत नाही,
कंपनी शिकवायला विसरली.

मे महिना, वर पत्रा.
नायना शोधत आला,
डाइंगमधून थेट,
हात कोपरापर्यंत चादरीच्या रंगाचे.
त्या आठवड्यात जांभळे.
त्याच हातानं माझा कान धरला
आणि धरूनच राहिला,
कारण नजर पडद्यावर गेली होती.
रंग दिसला की नायना थांबतो.
लग्नाच्या पंगतीतसुद्धा
माणसांआधी साड्यांची विचारपूस करतो.

“यात लाल जास्त पडलाय,” तो तेलुगूत म्हणाला.
मग जरा वाकून,
“ती भिंत. डावीकडून तिसरी वीट.
वेगळ्या लॉटची आहे. शेड जुळत नाही.”

आम्हाला सगळ्या विटा सारख्याच.
दिवाळीपासून त्याच भिंतीसमोर मरत होतो,
एकट्या इरेशचे सत्तर रुपये बुडाले होते तिथं.
“मार उडी,” नायना म्हणाला,
कान अजून त्याच्याच हातात.
मारली.
वीट सरकून पुढं आली,
पाय टेकले.

पाणी खाली राहिलं.
मी पहिल्यांदाच त्याच्याकडे वरून बघत होतो.

आणि लाईट गेली.
बुधवार होता, जाणारच होती.
गल्लीतले माग एकेक करून गप्प झाले
आणि काळ्या काचेत आम्ही दोघं उरलो,
एक कान, एक हात.

त्या विटेच्या पुढं काय होतं, मला अजून माहीत नाही.
पंधरवड्यात मैनोद्दीननं मशीन विकलं,
तिथं आधी पिठाची गिरणी आली,
आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

पण त्या दिवशी घरी येताना
डाइंगमागचा नाला आडवा आला.
तोही जांभळाच.
नायनानं आधी ढांग टाकली,
मग पलीकडून हात पुढं केला.
“पाय भिजवू नको,” म्हणाला,
“डाग निघत नाही.”

रात्री कडक भाकरी मोडताना
शेंगाचटणीच्या तेलात त्याची बोटं चमकत होती.
मी एकेक मोजलं.
पाच. आणि पाच.
नखं मात्र दुसऱ्याच लॉटची.
आई म्हणाली, “जेव की, त्याच्याकडे काय बघतोस?”