थेट तास

वहीत दोन रकाने: थेट, आणि इतर.
थेट म्हणजे समोर माणूस असताना घड्याळाने मोजलेलं.
इतर म्हणजे नोंदी, बैठका, फोनवर धरलेली वाट,
टेपवर स्वतःचाच आवाज ऐकत काढलेली दुपार.
पदवीआधी दोनशे चाळीस थेट हवेत.
माझे एकशे एकोणनव्वद झालेत.
लायसन्ससाठी नंतर लागणाऱ्या हजारोंचा विषय आत्ता नको,
असं वर्गातली पोरं म्हणतात. ती पंचविशीत आहेत.
मी एक्कावन्न.

त्याआधी बावीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली
डुलुथच्या चढावर, जिथे जानेवारीत रस्त्याची काच होते
आणि खाली तळं वाफ सोडतं, पातेल्यासारखं.
प्रवेशाच्या अर्जात विचारलं होतं, पूर्वानुभव?
मी लिहिलं: पाठीमागे बसलेल्यांना ऐकणे.
मुलाखत घेणारे हसले.
मी विनोद केला नव्हता.

संख्याशास्त्राने एकदा पाडलं, मग कंटाळून सोडलं.
मार्गरेट बेलांजर काही सोडत नाही.
ती सुपरवायझर. टेप थांबवते, गार कॉफीचा घोट घेते.
"इथे तू बोललीस. का?"
बाई रडत होती म्हणून.
"सहन कुणाला होत नव्हतं, वर्ना? तिला, की तुला?"
मी तोंड उघडते, ती हात वर करते: मोज.
सात सेकंद.
सात सेकंद केवढे लांब असतात
ते उतारावर ब्रेक न लागलेल्या एका सकाळी मला कळलं होतं.
विसरले होते.

मंगळवारी चारला नवी फाइल.
एमेट सोलबर्ग, वय तेवीस, झोप लागत नाही.
टोपी काढून त्याने खुर्ची जराशी तिरकी केली, खिडकीकडे,
आणि मी ती मान ओळखली.
चौथी रांग, डावीकडे.
शेवटून दुसरा थांबा.
गुरुवारी अंगणात निळा ट्रक उभा असायचा,
आणि गुरुवारीच हा पोरगा
बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधत बसायचा.
मी इंजिन चालू ठेवून थांबायचे.
विचारलं कधीच नाही.

त्याने मला ओळखलं नाही.
ओळखणार कसा? त्याने पाहिले होते नुसते डोळे,
आरशातल्या बोटभर पट्टीत.
झोपेबद्दल बोलला थोडं. मग गप्प.
मी मोजू लागले. एक, दोन.
पाचव्याला तो वाकला
आणि बुटाची नाडी सोडली.

परीक्षेत हा प्रश्न येतो. चार पर्याय असतात.
क बरोबर: जुनी ओळख उघड करावी, सुपरवायझरला सांगावं,
लागलं तर दुसऱ्याकडे सोपवावं.
सरावाच्या पेपरात मला याला चाळीस सेकंद लागले होते.

"एमेट, सतरा नंबरची बस मी चालवायचे."
तो वर बघेना. गाठ मारत राहिला.
"तुम्ही थांबायचात," म्हणाला.
मग, बऱ्याच वेळाने:
"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."
ट्रक दिसायचा, मी म्हटलं.
"आणि?"

आणिच्या पुढचं
अ ब क ड मध्ये कुठेच नव्हतं.

मार्गरेटने टेप दोनदा ऐकली. या खेपेला थांबवली नाही.
अठरा मिनिटं, थेटमध्ये धर, म्हणाली.
मी पेन्सिलने लिहिलंय.

आता मंगळवारी तो शेजारच्या खोलीत जातो,
बेनेडिक्टा क्रूगरकडे. ती चांगली आहे, माझ्याहून शांत.
भिंत पातळ आहे.
दाराशी एक यंत्र ठेवलंय, घों घों करणारं,
आतलं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून.
मी ते मोठं करते.
बावीस वर्षं इंजिन हेच करत होतं.

समोर खुर्ची. चारची बाई आज आली नाही.
न आलेल्या माणसाचा तास
इतरमध्ये जातो.