सहावी पकड

त्या हंगामाचे आकडे माझ्याकडं आहेत.
पत्र्याचे. शून्य ते नऊ, प्रत्येकी चार,
पिवळ्यावर काळे, ऑइल पेंटचे दोन हात.
शून्यं तेवढी सहा केली होती.
मॅनेजर म्हणाले, पेंटर, जादा असू द्यात.
त्यांना आधीच काय ठाऊक होतं, देव जाणे.

आठ शहरं, चौदा सामने, तेरा-तेरा गडी,
आणि सगळे पगारी.
शियेचा प्रणित आडगुळे फौंड्रीतली रात्रपाळी सोडून आला.
तौफिक बागवाननं लंगोट खुंटीला लावला
आणि दातांवर रबरी कवळी चढवली.
फिजीहून आला वाइसाके,
पहिल्याच दिवशी गंगावेशीत त्याचा विसू झाला.
पहाटे दूध कट्ट्यावर तो ग्लास धरून उभा,
ओठांवर धारोष्ण फेस.
म्हशींना त्याचं काही नव्हतं,
माणसंच टकामका बघायची.

नियम कुणालाच कळले नाहीत.
पुढं पळायचं, पण चेंडू मागच्याला द्यायचा.
‘ह्यो कसला उलटा कारभार?’
चेंडूवाल्याला पाडलं की एक पकड.
सहा पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्यांचा,
मुकाट द्यायचा, वाद न घालता.
हे शेवटचं तर आमच्या पेठेत कुणालाच पटेना.

मग हिंदूराव वस्ताद उठले.
पश्चिमेच्या पायऱ्यांवर, डोक्याला ओला टॉवेल,
तालमीत जोर मोजावेत तसं
मोजायला लागले:
एक.
दोन.
तिसऱ्या सामन्याला शे-दोनशे माणसं मोजत होती,
सातव्याला सगळं मैदान,
फुटाणेवाला, बंदोबस्ताचा हवालदार,
बाहेर भिंतीवर चढलेली पोरंसुद्धा.
पाचला आवाज आपोआप खाली यायचा.
सहा मोठ्यानं कुणी म्हणत नसे.

शेवटचा सामना नागपूरशी.
आम्ही सोळा, ते अठरा, घड्याळात काहीच नाही.
पाच पकडी झालेल्या.
अशा वेळी चेंडू लाथेनं उडवून मोकळं व्हायचं असतं,
एवढं तोवर फुटाणेवाल्यालाही कळत होतं.
विसूनं उडवला नाही.
मागं न बघता मागं दिला,
आणि प्रणित तिथं होता.
तिघं त्याच्या पाठीवर, एक कमरेला.
पडता पडता त्यानं हात लांब केला.
मी शिडीवर, एका हातात दोन, दुसऱ्यात शून्य,
वीस लावायला वाकलेला.

चुन्याची रेघ वीतभर पुढं होती.

‘सहा,’
वस्ताद एकटेच म्हणाले.

आठात आम्ही सहावे.
राजारामपुरीतल्या संघाच्या ऑफिसात
पुढच्या वर्षी मोबाईलची कव्हरं मिळायला लागली.
दोन महिन्यांचे पैसे राहिले ते राहिलेच,
माझे रंगाचेही.
प्रणित पुन्हा शिरोलीला, रात्रपाळीत,
डावा खांदा थंडीत धरतो.
तौफिक केळ्यांच्या गाडीवर बसतो
आणि डझन कधीच नीट मोजत नाही,
तेरा देतो.
विसूचा एकदा फोटो आला,
कुठल्यातरी गाईशेजारी उभा. खाली काही लिहिलं नव्हतं.

आता आकडे छापून येतात, पेंटर लागत नाही.
माझे चार आणि सात कबुतरांच्या खुराड्यावर,
नऊ पिंपावर झाकण म्हणून.
सहावं शून्य मात्र कोरं आहे,
त्याच्या भोकांना खिळ्याचा गंजच नाही.

परवा वस्तादांना बघायला गेलो.
सूनबाई त्यांना कुशीवर वळवत होत्या,
पाठीला पावडर लावायला.
एवढा मोठा देह, दोघांनी धरावा लागतो.
मी खांद्याखाली हात घातला.
डोळे मिटलेलेच, श्वास भात्यासारखा.
‘किती झाल्या?’ त्यांनी विचारलं.

पाच, मी म्हणालो.
तेवढंच म्हणालो.